चोक तापतो कुठे, उष्णता अडते कुठे : सौर पंपाच्या कंट्रोलरमधील पॉटिंगचे एक प्रकरण

कापसाच्या रानातला पंप मे महिन्यात बंद असतो, मोसंबीच्या बागेतला नसतो. जालना, अंबड, पैठण या पट्ट्यात आंबे बहार धरलेल्या बागेत ऐन उन्हाळ्यात फळ झाडावर असते, त्यामुळे सौर पंप सकाळी नऊपासून चार-साडेचारपर्यंत पूर्ण भाराने चालतो. त्याच तासांत हवा ४२-४३ अंशांवर जाते आणि कंट्रोलरची पेटी पॅनेलच्या खांबाला बांधलेली असल्याने दुपारनंतर थेट उन्हात येते. उन्हाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या अशा पेट्या उघडल्या की बऱ्याचदा एकच चित्र दिसते. आयजीबीटी (वीज वेगाने चालू-बंद करणारा स्विच) शाबूत, कार्ड शाबूत, पण बूस्ट चोकच्या, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या भागातल्या कॉइलच्या, वाटीतले पॉटिंग (भोवती ओतून जमवलेले इपॉक्सी) तपकिरी होऊन तडकलेले आणि वाइंडिंग (तारेचे वेढे) कोरला, म्हणजे मधल्या चुंबकीय गाभ्याला, शॉर्ट.

हे प्रकरण वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या पातळीवर मांडले आहे. भट्टी, व्हॅक्यूम पंप आणि तराजू आहे, पण प्रयोगशाळा नाही. चोकची मापे एका ठरावीक नमुन्याची धरली आहेत आणि तापमाने त्या मापांवरून हिशेबाने काढली आहेत. आपल्या चोकची मापे घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

मूळ मांडणी

रिंग कोरवर गुंडाळलेला चोक: बाहेरचा व्यास ६५ मिमी, आतले भोक ३० मिमी, उंची ३० मिमी. तो ॲल्युमिनियमच्या वाटीत बसवलेला, वाटीचा आतला व्यास ७७ मिमी, म्हणजे चोक आणि भिंत यांच्यात सगळीकडून ६ मिमी, तळाशीही ६ मिमी. मधली जागा नुसत्या इपॉक्सीने भरलेली. रेझिन नेहमीचे बिस्फेनॉल-ए जातीचे, हार्डनर पॉलिइथर अमाईन, भट्टीत न घालता शेडमध्येच दोन दिवस ठेवून जमवलेले. चोकमधला लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, १४ वॅट, त्यातले सुमारे १० वॅट तांब्यातले आणि ४ कोरमधले.

उष्णता वाटीकडे जाण्याचे क्षेत्रफळ काढू. तळाची कडी २६ चौरस सेंमी आणि बाहेरची बाजू ६१ चौरस सेंमी, मिळून ८७. कडेकोपरे सोडून ८० धरले. वरचा भाग आणि मधले भोक यांतून जाणारी उष्णता थोडी, ती हिशेबाबाहेर ठेवली.

नुसत्या इपॉक्सीची उष्णतावाहकता साधारण ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विन. (पुढे एकक दर वेळी लिहिलेले नाही.) ॲल्युमिनियमची २३७, तांब्याची ४००च्या आसपास. म्हणजे दोन चांगल्या वाहकांच्या मध्ये आपणच सहा मिमीची गोधडी घातलेली आहे. तापमानातला फरक म्हणजे वॅट गुणिले जाडी, भागिले वाहकता गुणिले क्षेत्रफळ. १४ × ०.००६ भागिले (०.२ × ०.००८), म्हणजे ५२.५ अंश.

मे महिन्यातल्या दुपारी वाटीची भिंत ७५ अंशांवर धरली, तर वाइंडिंगचा बाहेरचा थर १२७ वर गेला. वाइंडिंगच्या आतल्या थरांत आणखी १५ अंश धरले की सर्वांत गरम जागा १४२. इनॅमल वायर (इन्सुलेशनचा पातळ लेप दिलेली तांब्याची तार) बी वर्गाची असेल तर तिची मर्यादा १३०, एफ वर्गाची असेल तर १५५. स्वस्तातला चोक बी वर्गाचा निघाला तर तो उन्हाळ्यात का जातो हे इथेच कळते. एफ वर्गाचा असला तरी इन्सुलेशनचा जुना ठोकताळा आहेच, की साधारण दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मे.

दुसरे नुकसान कमी दिसणारे आहे. भट्टीत न भाजलेल्या अशा इपॉक्सीचा काचबिंदू (ग्लास ट्रान्झिशन), म्हणजे जिथे ते कडकपणा सोडून रबरासारखे होते ते तापमान, ५०-६० अंशांच्या आसपासच राहते. त्याखाली ते दर अंशाला साधारण दहा लाखात ६० भाग फुगते, वर गेले की जवळपास तिप्पट. तांबे १७ भाग फुगते. रोज सकाळ-दुपार हा ओढाताणीचा खेळ चालतो, वेढे एकमेकांवर घासतात आणि इनॅमल खरवडले जाते. त्यामुळे 'चोक जळाला' म्हणून परत आलेल्या कित्येक नगांत इनॅमल आधी घासून गेलेले असते, जळणे नंतरचे.

पहिला उपाय आणि तो का फसतो

पॉटिंगमध्ये ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पावडर घालायची हे कोणालाही सुचते आणि ते बरोबरही आहे. ॲल्युमिनाची वाहकता २५ ते ३०, वीज वाहत नाही, मिळायला सोपी. ॲल्युमिनियमची पूड घालण्याचा मोह कोणाला झाला तर तो मोडून काढावा. ती उष्णता वाहते तशी वीजही वाहू शकते, आणि इथे वाइंडिंग आणि जमिनीला जोडलेली वाटी यांच्यात काही शे व्होल्ट आहेत. ग्रॅफाइटचेही तेच.

चूक होते ती प्रमाणात. सुरुवात बहुतेक वेळा वजनाने ३० टक्क्यांनी होते, कारण ३० टक्के ऐकायला भरपूर वाटते. पण उष्णतेला वजन कळत नाही, तिला जागा कळते. ॲल्युमिनाची घनता ३.९५, जमलेल्या इपॉक्सीची १.१५. वजनाने ३० टक्के म्हणजे आकारमानाने फक्त ११ टक्के. रेझिनच्या डबक्यात लांब-लांब टाकलेले दगड. एका दगडावरून दुसऱ्यावर जायचे तर मध्ये पोहावेच लागते.

मॅक्सवेलने १८७३ मध्ये दिलेले सूत्र अशा विरळ मिश्रणाला चांगले लागू पडते. पावडर रेझिनपेक्षा खूपच वाहक असेल तर वाहकता (१ + २ × भाग) भागिले (१ − भाग) एवढ्या पटीने वाढते. इथे १.२२ भागिले ०.८९, म्हणजे जेमतेम १.३७ पट. ०.२ चे झाले ०.२७. फरक ५२ वरून ३८ अंशांवर येतो, तोही पावडर सगळीकडे सारखी राहिली तर.

ती राहत नाही. ओतायला सोपे जावे म्हणून रेझिन ६० अंशांपर्यंत तापवतात आणि हा हार्डनर तर सावकाश जमणारा. स्टोक्सच्या नियमाने पाहिले तर ४५ मायक्रॉनचा एकटा दाणा साधारण तापमानाच्या रेझिन-हार्डनर मिश्रणात तासाला सुमारे १६ मिमी खाली बसतो. ११ टक्के गर्दीत हा वेग ९ मिमीवर येतो. मिश्रण ६० अंशांवर आठ-दहा पट पातळ होते, मग तोच वेग ८० मिमीच्या घरात. चाळीस मिमी खोल वाटीतली पावडर अर्ध्या तासात तळाला, आणि जमायला लागणार कित्येक तास. असा नग उभा कापला की खाली पांढरा, घट्ट थर आणि वर मधासारखे पारदर्शक इपॉक्सी दिसते. वरच्या निम्म्या वाइंडिंगला पावडरीचा काहीच उपयोग झालेला नसतो.

गंमत अशी की भरपूर पावडर घातली तर बसण्याचा त्रासही कमी होतो. आकारमानाने ४६-४७ टक्के गर्दी झाली की दाणे एकमेकांच्या वाटेत येतात आणि वेग एकट्या दाण्याच्या सुमारे पाच टक्क्यांवर येतो. थंड मिश्रणात तासाला एक मिमीच्या आत.

दुसरा उपाय: जास्तीचे जास्त

पहिला फसला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. वजनाने ८५ टक्के पावडर, म्हणजे आकारमानाने ६२ टक्के. कागदावर वाहकता २ च्या आसपास दिसते आणि ६ मिमीतला फरक पाच-सव्वापाच अंशांवर येतो. पण हे मिश्रण पुरणासारखे असते. ओतत नाही, थापावे लागते. वेढ्यांच्या फटींत शिरत नाही. रेझिन कमी पडल्याने भिंतीला नीट भिजवत नाही, आणि जमताना, किंवा पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत, भिंतीपासून सुटते.

सुटले तर काय होते याचा हिशेब या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. हवेची वाहकता ०.०२६. भिंतीशी सगळीकडून फक्त ०.२ मिमीची फट पडली, जाड कागदाएवढी, तर १४ × ०.०००२ भागिले (०.०२६ × ०.००८), म्हणजे १३.५ अंश. सहा मिमी भरीव पॉटिंगने अडवलेल्या उष्णतेच्या अडीच पट अडवणूक त्या फटीची. एकूण १८-१९ अंश. पुढे येणाऱ्या ७५ टक्क्यांच्या, भिंतीला नीट चिकटलेल्या मिश्रणात हाच फरक ११ अंश आहे. माहितीपत्रकावर दुप्पट वाहक असलेला माल चोकला जास्त गरम ठेवतो तो असा. वेढ्यांमधल्या रिकाम्या फटींनी वाइंडिंगच्या आतले १५ अंशही वाढतात, ते वेगळेच.

'नॅनो' लिहिलेल्या पिशवीबद्दल इथेच सांगून टाकू. दाणा जितका बारीक तितके दाणा-रेझिन यांचे सांधे जास्त आणि प्रत्येक सांध्यावर उष्णता थोडी अडखळते. शिवाय तेवढाच माल घातला तरी मिश्रण कितीतरी घट्ट होते. पॉटिंगसाठी वाहकता वाढवायला नॅनो ॲल्युमिना हा महागडा उलटा रस्ता आहे. बोरॉन नायट्राइड चांगले, पण त्याचे दाणे पत्र्यासारखे चपटे असल्याने मिश्रण लवकर घट्ट होते आणि ते महागही आहे. ॲल्युमिनियम नायट्राइड दमट हवेत पाण्याशी झगडून अमोनिया सोडते. मृगानंतरच्या शेडमध्ये उघडी पिशवी ठेवण्याची ती वस्तू नाही.

जे प्रमाण टिकते

वजनाने ७५ टक्के, आकारमानाने ४६.६ टक्के. मॅक्सवेलचे सूत्र इथे ०.७२ देते, पण ते एवढ्या गर्दीसाठी नाही. ब्रुगेमानचे १९३५ चे सूत्र १.१९ देते. खरा आकडा दोघांच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणून हिशेबाला ०.९५ घेतला. फरक ११ अंश. म्हणजे सर्वांत गरम जागा १४२ वरून १०१ वर.

एक जास्तीचा फायदा पदरात पडतो. तांबे थंड झाले की त्याचा रोध उतरतो. १४२ वरून १०१ वर आले की तांब्यातला लॉस जवळपास ११ टक्के कमी, १० चे ८.९ वॅट. एकूण १४ चे १२.९. मग ११ अंशांचेही १० होतात.

एका नगाला लागणारे पॉटिंग साधारण ११० घन सेंमी. मिश्रणाची घनता २.४५, म्हणजे २७० ग्रॅम. पूर्वी १२६ ग्रॅम नुसते इपॉक्सी लागायचे, आता त्यातले रेझिन-हार्डनर साडेसदुसष्ट ग्रॅमच. पण नग १४४ ग्रॅमने जड झाला, तेव्हा वाटी धरणारे स्क्रू आणि त्यांचे वॉशर पुन्हा बघावे. पेट्या टेम्पोतून कच्च्या रस्त्याने जातात.

दहा नगांसाठी, वाया जाणारे धरून, ३ किलोचा घाणा:

रेझिन ५७० ग्रॅम, पॉलिइथर अमाईन हार्डनर १८० ग्रॅम (रेझिनचे इपॉक्सी तुल्यांक वजन १९० आणि हार्डनरचे अमाईन-हायड्रोजन तुल्यांक वजन ६० धरून शंभराला ३१.६), ४५ मायक्रॉनची ॲल्युमिना १५७५ ग्रॅम, ५ मायक्रॉनची ६७५ ग्रॅम, इपॉक्सी जातीचे सिलेन (पावडर आणि रेझिन यांना जोडणारे रसायन) ७ ग्रॅम, फ्युम्ड सिलिका (पावडर बसू नये म्हणून घालायची अतिबारीक सिलिका) ३ ग्रॅम.

दोन मापांचे दाणे कशाला, तर खडीच्या फटीत वाळू बसते त्यासाठी. एकाच मापाच्या पावडरीने ७५ टक्के गाठले तर मिश्रण विनाकारण घट्ट होते. गोल दाण्याची ॲल्युमिना मिळाली तर आणखी वाहते, पण ती महाग. साधी कॅल्साइन्ड (भाजलेली) ॲल्युमिना आणि दोन मापे ही जोडी या कामाला पुरते.

सिलेनचे ७ ग्रॅम पृष्ठफळावरून येतात. या जातीचे एक ग्रॅम सिलेन सुमारे ३३० चौरस मीटर पृष्ठ झाकते आणि ग्रॅमला एक चौरस मीटर पृष्ठ असलेल्या २२५० ग्रॅम पावडरीला त्या हिशेबाने ६.८ ग्रॅम पुरते. जास्त घालून फायदा नाही, सुटे राहिलेले सिलेन रेझिनला नरम करते. पावडरीच्या पिशवीवरचे पृष्ठफळ वेगळे असेल तर ग्रॅमही वेगळे.

घाणा करताना

पावडर आधी भट्टीत १२० अंशांवर चार तास, पातळ थराने ताटात. मे महिन्यात ही पायरी वगळली तर कदाचित खपून जाते. जुलैत तीच पिशवी ओल धरते आणि मग व्हॅक्यूममध्ये फेस थांबता थांबत नाही. भिजलेली पावडर गाठीही धरते, म्हणून वाळल्यावर बारीक चाळणीतून काढावी. या वेळी नाकाला साधा रुमाल नको, धुळीचा मास्क लावावा. ॲल्युमिनाऐवजी कोणी क्वार्ट्झची भुकटी वापरणार असेल तर मास्कबद्दल अजिबात तडजोड नको. ती फुप्फुसे कायमची निकामी करते.

सिलेन दोन प्रकारे लावता येते. पावडरीवर आधी लावायचे तर ९५ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ५ भाग पाणी, ॲसेटिक ॲसिडचे थेंब घालून सामू ४.५ ते ५.५, त्यात २ टक्के सिलेन. थोडा वेळ ढवळून ते पावडरीत कालवायचे, अल्कोहोल उघड्यावर उडू द्यायचे आणि नंतरच ११० अंशांवर तासभर भाजायचे. अल्कोहोलने ओली पावडर थेट विजेच्या भट्टीत घालणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. दुसरा प्रकार सोपा: सिलेन सरळ रेझिनमध्ये ढवळून टाकायचे. परिणाम थोडा कमी, पण छोट्या कारखान्यात हाच प्रकार दर वेळी सारखा जमतो, म्हणून तोच सुचवावासा वाटतो.

रेझिन ६०-७० अंशांवर गरम करून त्यात सिलेन, मग फ्युम्ड सिलिका, मग बारीक पावडर, शेवटी जाड. बारीक आधी, कारण तिच्या गाठी फोडायला पातळ रेझिनमध्येच जोर लावता येतो. ॲल्युमिना कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, मोह्जच्या मापाने ९. ढवळणीचे स्टीलचे पाते ती खाते. पांढऱ्या मिश्रणात करड्या रेघा दिसू लागल्या की तो पात्याचा धातू आहे. असा घाणा विजेच्या कामाला घेऊ नये आणि पाते प्लास्टिकच्या आवरणाचे करून घ्यावे.

हार्डनर पडण्याआधीचे मिश्रण भीती वाटावी इतके घट्ट दिसते. इथेच कोणीतरी थिनर किंवा ॲसिटोन ओततो. तसे केले की ते आतच अडकते, भट्टीत बुडबुडे होतात आणि काचबिंदू खाली येतो. थांबावे. हार्डनर पाण्याइतका नसला तरी फार पातळ आहे, तो पडला की मिश्रण ताकाळ पिठल्यासारखे वाहू लागते. मात्र हार्डनर घालण्यापूर्वी मिश्रण ४५-५० अंशांवर उतरू द्यावे. बंद शेडमध्ये दुपारी पत्राच चाळिशी ओलांडतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकलेले बरे.

व्हॅक्यूमला ठेवताना भांडे एक तृतीयांशच भरलेले असावे. फेस तिप्पट-चौपट वर येतो आणि भांडे काठोकाठ असेल तर पंपाच्या तेलात इपॉक्सी जाते. पाच मिलिबारच्या आत दहा-पंधरा मिनिटे. फेस फुटून पृष्ठभाग शांत झाला की पुरे.

चोक आणि वाटी ८० अंशांवर दोन तास आधीच तापवून ठेवलेले. वाटीचा आतला भाग सँडपेपरने घासून, ग्रीस काढून. वर सांगितलेली फट टाळायची तर हे दहा मिनिटांचे काम पावडरीइतकेच मोलाचे आहे. चोकखाली ६ मिमीचे ठोकळे ठेवावेत, पण ते नायलॉनचे नकोत, याच मिश्रणाचे आधी ओतून ठेवलेले तुकडे वापरावेत. ओतताना बारीक धारेने, एका बाजूच्या भिंतीवरून. मिश्रण खालून वर चढत दुसऱ्या बाजूने भोकातून वर आले पाहिजे. मधोमध ओतले तर चोकखालची हवा कोंडते. ओतून झाल्यावर पुन्हा एकदा पाच मिनिटे व्हॅक्यूम, आणि उतरलेली पातळी भरून घ्यायची.

भट्टीचे तीन टप्पे: ५०-५५ अंशांवर जेल होईपर्यंत (म्हणजे वाहणे थांबेपर्यंत), मग ८० वर दोन तास, मग १२० वर तीन तास. पहिला टप्पा घाईने गरम केला तर मिश्रण जमण्याआधी पातळ होऊन पावडर बसते. जेल कधी झाले हे घड्याळाने ठरवू नये. त्याच घाण्यातला थोडा माल कागदी कपात भट्टीतच ठेवावा आणि काडीने पाहावा. भट्टी बंद करून नग आतच रात्रभर थंड होऊ द्यावेत. गरम नग फरशीवर काढून ठेवला की कोरला टवका उडतो. वीज मध्येच गेली तर पहिल्या टप्प्यात घाबरण्याचे कारण नाही, फक्त वेळ वाढतो. शेवटच्या टप्प्यात गेली तर तीन तास पुन्हा नव्याने मोजावेत. पावसाळ्यात उघड्या वाटीवर पांढुरका, चिकट थर दिसतो, तो हार्डनरने हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरल्याचा. भट्टीचे दार बंद ठेवले तर येत नाही.

तपासणी, प्रयोगशाळेशिवाय

पहिली चाचणी घनतेची. जमलेला तुकडा हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढायची. २.४५ ऐवजी २.३८ आली तर तीन टक्के पोकळी आहे, म्हणजे व्हॅक्यूम नीट झालेला नाही.

दुसरी राखेची. नग उभा कापायचा (हिऱ्याच्या चकतीने, हॅक्सॉचे पाते ॲल्युमिनावर वाया जाते), वरचा आणि तळाचा एकेक तुकडा तोलून मफल भट्टीत ६०० अंशांवर तीन तास जाळायचा. इपॉक्सी जाते, ॲल्युमिना उरते. दोन्हीकडे ७५ टक्क्यांच्या आसपास उरले तर पावडर बसलेली नाही. वर ६८ आणि खाली ८० असेल तर पहिला टप्पा जास्त गरम झाला. मफल भट्टी जवळच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात असते.

वाहकता मोजायची तर पदार्थविज्ञान विभागातले ली चकतीचे उपकरण चालते, पण एक सावधगिरी हवी. ते वाईट वाहकांसाठी बेतलेले आहे. ४ मिमी जाडीची आपली चकती लावली तर दोन बाजूंतला फरक पाचेक अंशच येतो आणि अर्ध्या अंशाचा थर्मामीटर दहा टक्के चूक करतो. चकती ८ मिमीची ओतावी आणि दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा (उष्णता वाहणाऱ्या लेपाचा) पातळ हात फिरवावा, नाहीतर आपण हवेचीच वाहकता मोजत बसतो. ग्राहकाला अधिकृत आकडा हवा असेल तर आयएसओ २२००७-२ किंवा एएसटीएम डी ५४७० प्रमाणे चाचणी करून घ्यावी.

खरा निकाल मात्र वाइंडिंगच्या तापमानाचा, आणि तो तांबे स्वतःच सांगते. थंड चोकचा रोध चार तारांच्या मीटरने मोजायचा, मग पूर्ण भारावर तीन-चार तास चालवून, बंद करताच पुन्हा मोजायचा. गरम भागिले थंड हे (२३४.५ + गरम तापमान) भागिले (२३४.५ + थंड तापमान) एवढे असते. २७ अंशांवर ४२.० मिलिओहम असलेला चोक गरम झाल्यावर ६०.५ दाखवत असेल तर वाइंडिंग सरासरी १४२ वर आहे, ५३.९ दाखवत असेल तर १०१ वर. ही सरासरी आहे, सर्वांत गरम जागा तिच्याहून थोडी वर असते, त्यामुळे हिशेबाशी ताडताना काही अंश सोडावेत. बंद केल्यावर एक मिनिट गेले की आकडा खोटा.

हाताने वाटी चाचपून निकाल लावू नये. नवे पॉटिंग केलेल्या नगाची भिंत लवकर गरम होते आणि पूर्वी वरून पेटीच्या हवेत जाणारा थोडा भागही आता भिंतीतून जातो. मिस्त्री हात लावतो आणि म्हणतो, "भाऊ, ही तर जास्तच तापायली." बरोबर आहे, तापायलाच पाहिजे. आतली उष्णता बाहेर आल्याशिवाय आतले तांबे थंड कसे होणार?

जे अजून बाकी राहते

भट्टीत भाजलेल्या या इपॉक्सीचा काचबिंदू ८५-९० अंशांच्या आसपास येतो. भिंत ७५ आणि त्यावर १० अंश, म्हणजे वाइंडिंगला चिकटलेला थर ८५ वर. मध्ये मोकळीक जवळजवळ नाही. पावडरीमुळे फुगणे दर अंशाला दहा लाखात ६० वरून ३०-३५ वर आलेले असल्याने पूर्वीइतकी ओढाताण होत नाही, पण एवढ्यावर विसंबू नये. वाटीचा पुढचा साचा काढताना मोकळी जागा ६ ऐवजी ४ मिमी ठेवावी. फरक ७ अंशांच्या खाली येतो आणि एका नगाला २७० ऐवजी २०० ग्रॅम मिश्रण लागते. खरे पाहता हा बदल पावडरीच्याही आधी करायला हवा होता, जाडी कमी करायला पैसा लागत नाही. तीन मिमीच्या खाली मात्र जाऊ नये, घट्ट मिश्रण फटीत उतरत नाही. प्रत्येक नगावर वाइंडिंग ते वाटी अशी उच्च व्होल्टेजची चाचणी घ्यावीच. एखादा वेढा भिंतीकडे सरकला असेल तर तो इथे सापडतो.

आणि ७५ अंश ही भिंतच मुळात गरम आहे. त्यावर पॉटिंगचा इलाज चालत नाही. वाटी आणि पेटीची मागची ॲल्युमिनियमची पाटी यांच्यात पेस्ट लावली नाही तर तिथे पुन्हा तीच कागदभर हवा बसते. वाटीचा तळ सपाट घासलेला असावा, पेस्ट पारदर्शक दिसेल इतकी पातळ असावी आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. पेटी गडद रंगाची असेल तर पांढरी करून घ्यावी. शेतात बसवताना ती खांबाच्या उत्तर अंगाला, पॅनेलच्या सावलीत, मागची पाटी खांबापासून दोन बोटे सुटी ठेवून बांधावी. खांबाला घट्ट आवळलेल्या पेटीच्या मागे हवाच खेळत नाही, आणि मे महिन्यात परत आलेली पेटी कशी बांधली होती हे तिच्या पाठीवरच्या गंजाच्या पट्ट्यावरून ओळखता येते.